तलवारची पोरं आणि कुलाब्याचे स्मारक

मुंबईच्या कुलाब्यात, नाथालाल पारेख मार्गावर, ताज वेलिंग्टन म्यूजच्या समोर एका नौसैनिकाचा पुतळा आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीतल्या भारतीय खलाशांनी जो उठाव केला, त्याचे हे स्मारक. रेवदंडा-अलिबागकडून मांडव्याला येऊन लाँचने गेटवेला उतरणाऱ्या माणसाला ते पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. गेटवे, ताज आणि कॉजवेचा बाजार यांच्या गर्दीत ते सहज नजरेआड होते. ज्या मुलांच्या आठवणीसाठी ते उभारले, त्यांच्या उठावाची पहिली ठिणगी याच भागात, ‘एचएमआयएस तलवार’ या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात पडली.

‘तलवार’ हे जहाज नव्हते. शाळकरी पुस्तकांतून आणि भाषणांतून ‘तलवार या युद्धनौकेवर बंड झाले’ असे वाक्य वारंवार भेटते, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तोफा रोखलेले लढाऊ जहाज येते. वास्तविक तलवार म्हणजे कुलाब्यातल्या जमिनीवरच्या बराकी, वर्ग आणि कवायतीचे मैदान. ब्रिटिश नौदलाच्या रिवाजाप्रमाणे किनाऱ्यावरच्या प्रत्येक ठाण्यालाही जहाजाचे नाव, जहाजाचा कारभार आणि जहाजाची शिस्त असे. तिथला जमिनीचा मजला ‘डेक’ आणि फाटकाबाहेर पाय टाकणे म्हणजे ‘किनाऱ्यावर जाणे’. अशी दगडविटांची जहाजे दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या आसपास बरीच निघाली होती: ठाण्याजवळ कोलशेतला नव्या भरतीच्या शिक्षणाचे ‘अकबर’, वेसाव्याला पाणबुडीविरोधी शिक्षणाचे ‘मछलीमार’, मार्वेला ‘हमला’, लोणावळ्याच्या डोंगरात यंत्रविद्येचे ‘शिवाजी’. कराचीजवळ मनोरा बेटावर ‘बहादूर’ होते; ते खास पोरवयातल्या भरतीसाठीचे केंद्र होते.

तलवारमध्ये संदेशवहन शिकवले जाई. मोर्सची कडकट्ट, दिव्यांची उघडझाप, झेंड्यांची भाषा, बिनतारी यंत्रे आणि सांकेतिक लिपी हे तिथले विषय. युद्धकाळात ही शाळा एवढी वाढली की ब्रिटिश साम्राज्यातल्या मोठ्या सिग्नल शाळांत तिची गणना होऊ लागली. पुढे जे घडले ते समजून घ्यायचे तर या शाळेचे स्वरूप आधी ध्यानात घ्यावे लागते. इंजिनाजवळ राबणाऱ्या स्टोकरला किंवा डेकवर दोर ओढणाऱ्या खलाशाला जगात काय चालले आहे हे कळायला उशीर लागे. संदेशवाहकाच्या कानाला मात्र चोवीस तास जग लावलेले असे. नौदलाच्या मुख्यालयाचे हुकूम, दुसऱ्या बंदरांतल्या हालचाली, परदेशी रेडिओच्या बातम्या हे सगळे आधी त्याच्या वहीत उतरायचे आणि मग साहेबाच्या टेबलावर जायचे. शिवाय या शाखेत भरतीसाठी इंग्रजी यावे लागे. साहजिकच मॅट्रिकपर्यंत शिकलेली, वर्तमानपत्र वाचणारी, मध्यमवर्गीय घरांतली मुले तलवारमध्ये एकत्र आली होती. बहुतेक विशी-बाविशीतली, काही त्याहूनही लहान.

नौदलातला हा नवा भरणा होता. युद्धापूर्वीचे हिंदी नौदल अगदी छोटे होते. १९३९ मध्ये जेमतेम दोन हजार माणसांचे. त्यातला खलाशीवर्ग प्रामुख्याने कोकणी मुसलमानांचा, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातला. पिढ्यान् पिढ्या गलबतांवर, मचव्यांवर आणि नंतर आगबोटींवर काम केलेली ही माणसे. बापाच्या मागे मुलगा भरती होई, नौदलाची नोकरी त्या गावांना परकी नव्हती आणि त्यांच्या अपेक्षाही मर्यादित असत. युद्ध सुरू झाले आणि ही चौकट मोडली. १९४५ पर्यंत नौदलाचे मनुष्यबळ तीस हजारांच्या आसपास गेले. एवढी माणसे एकट्या कोकणपट्टीतून मिळणे शक्यच नव्हते. पंजाब, बंगाल, मद्रास, त्रावणकोर, संयुक्त प्रांत अशा ठिकाणांहून, ज्यांनी समुद्र कधी पाहिलाही नव्हता अशी मुले भरती झाली. भरतीच्या जाहिरातींत चांगला पगार, धंदेशिक्षण आणि युद्धानंतरची नोकरी यांची आश्वासने होती. या आश्वासनांवर विश्वास ठेवण्याइतकी ती मुले तरुण होती आणि ती पाळली गेली नाहीत हे ओळखण्याइतकी शिकलेली होती.

युद्धात या नौदलाने कमी किंमत मोजली नाही. जून १९४० मध्ये ‘पठाण’ हे गस्ती जहाज मुंबईजवळच बुडाले. एप्रिल १९४२ मध्ये ‘इंडस’ ही स्लूप ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर अक्याबला जपानी विमानांच्या हल्ल्यात गेली. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘बंगाल’ या छोट्या सुरुंगशोधक जहाजाने आणि ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाने हिंदी महासागरात दोन मोठ्या सशस्त्र जपानी जहाजांशी झुंज घेतली. त्यांतले एक जपानी जहाज बुडाले आणि बंगाल तरले. व्यापारी जहाजांवरच्या हिंदी खलाशांची हानी तर याहून कितीतरी मोठी होती. जर्मन पाणबुड्यांच्या पाणतीरांनी बुडवलेल्या बोटींच्या इंजिनखोल्यांत आणि डेकवर कोकण, सिल्हेट, चितगाव, गोवा इथली माणसे होती.

या मृतांचे स्मारक मुंबईतच आहे, पण दुसऱ्या टोकाला. मस्जिद बंदरच्या बाजूला असलेल्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक नावांची स्मरणवही मुंबईत आणि चितगावात ठेवली आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या नोंदी सांभाळते. ज्यांचे शव हाती लागले नाही, ज्यांना कबर नाही की चितेची राख नाही, अशांची ही यादी आहे. नौदलाचे सुमारे चारशे आणि बाकीचे बहुतेक सगळे व्यापारी जहाजांवरचे, हे प्रमाणही बोलके आहे. राजासाठी लढताना मेलेल्यांची अशी नावनिशीवार नोंद झाली. राजाविरुद्ध उभ्या राहिलेल्यांना कुलाब्याच्या पुतळ्यापर्यंत पोचायला मात्र अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपले आणि नौदलाला एकाएकी एवढी माणसे नकोशी झाली. हजारो मुले बराकींत बसून घरी पाठवले जाण्याची वाट पाहू लागली. तलवारमध्ये गर्दी वाढली, कामे संपली आणि कुरबूर उरली. भातात खडे, पातळ डाळ, अळ्या पडलेल्या भाज्या ही तक्रार तर रोजचीच होती. त्याच दर्जाचे काम करणाऱ्या गोऱ्या खलाशाला कितीतरी अधिक पगार, वेगळे जेवण आणि वेगळी वागणूक मिळे. रेल्वेत आणि कँटीनमध्येही हा फरक डोळ्यांत खुपायचा. युद्धात दोघे एकाच जहाजावर असताना जो भेद एक वेळ गिळला गेला, तो शांततेच्या काळात गिळवेना.

देशातले वातावरणही तापलेले होते. नोव्हेंबर १९४५ पासून दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालू होता. शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लों यांची नावे गल्लोगल्ली पोचली होती. मलायात नोकरी करून परतलेल्या नौसैनिकांनी आझाद हिंद सेनेचे लोक प्रत्यक्ष पाहिले होते. अशांपैकी एकाच्या संगतीत आलेला बलाईचंद्र दत्त हा बंगाली तारवाला तलवारमध्ये होता. त्याने आणि त्याच्या काही मित्रांनी एक छुपा गट केला. १ डिसेंबर १९४५ रोजी नौदल दिन होता आणि मुंबईतल्या प्रतिष्ठितांना तलवार पाहायला बोलावले होते. त्या सकाळी कवायतीच्या मैदानावर आणि भिंतींवर ‘भारत छोडो’च्या आणि साम्राज्यशाहीविरोधी घोषणा रंगवलेल्या आढळल्या. २ फेब्रुवारी १९४६ ला सरसेनापती ऑकिन्लेक यांच्या भेटीच्या वेळी पुन्हा तोच प्रकार झाला. या वेळी दत्त पकडला गेला. हाताला खळ चिकटलेली होती आणि कपाटात पत्रके सापडली. चौकशीत त्याने काही नाकारले नाही. सैनिकी शिस्तीत वाढलेल्या अधिकाऱ्यांना त्याची ही निर्भीडता घोषणांपेक्षा जास्त झोंबली असावी.

आगीत तेल ओतले ते तलवारचे प्रमुख कमांडर किंग यांनी. ८ फेब्रुवारीला ते बराकीत आले असता काही खलाशी उठून उभे राहिले नाहीत किंवा त्यांनी थट्टेचे आवाज काढले, असे त्यांचे म्हणणे. त्यावर त्यांनी सर्वांच्या आईबापांचा उद्धार करणाऱ्या, हमालांची आणि रानटींची अवलाद ठरवणाऱ्या शिव्या दिल्या. चौदा जणांनी रीतसर लेखी तक्रारी केल्या. वरिष्ठांनी त्या मुलांनाच खोटेपणाबद्दल सज्जड दम भरला. नियमाने वागण्याची शेवटची वाट अशी बंद झाली.

सोमवार, १८ फेब्रुवारी १९४६. सकाळच्या न्याहारीला तलवारमधल्या सुमारे पंधराशे खलाशांनी ताटांना हात लावला नाही. अन्न नाही तर काम नाही, एवढीच घोषणा. मारहाण नाही, तोडफोड नाही. मुंबईचे ध्वजाधिकारी रिअर अॅडमिरल रॅट्रे यांनी येऊन समजूत घालण्याचा प्रयत्न केला आणि किंग यांना बदलण्याची तयारीही दाखवली. पण तोवर मागण्या जेवणाच्या पलीकडे गेल्या होत्या.

इथे सिग्नल शाळेचे महत्त्व दिसून येते. दुसऱ्या एखाद्या बराकीत उपोषण झाले असते तर फाटक बंद करून ते दोन दिवसांत निकालात काढता आले असते. तलवारमधली बातमी मात्र बिनतारी यंत्रांवरून बंदरातल्या जहाजांवर, तिथून कराची, मद्रास, विशाखापट्टण, कलकत्ता, जामनगर, कोचीन, अंदमान, थेट एडन आणि बहरीनपर्यंत गेली, कारण प्रत्येक ठिकाणच्या यंत्रावर तलवारमध्ये शिकलेला कुणीतरी बसलेला होता. शिकवणारे आणि शिकलेले एकमेकांना ओळखत होते. ब्रिटिश नौदलाने लाखो रुपये खर्चून जे जाळे विणले होते, ते उठावकर्त्यांना आयते मिळाले. संख्या सांगायची तर साधारणपणे ७८ जहाजे, २० किनारी केंद्रे आणि सुमारे २०,००० खलाशी असे आकडे दिले जातात. यातली बरीच जहाजे छोटी होती, हेही सांगायला हवे. पण नांगरलेल्या नौदलाचा मोठा भाग दोन दिवसांत अधिकाऱ्यांच्या हातून निसटला, याबद्दल दुमत नाही.

१९ तारखेला मुंबईत खलाशी नौदलाच्या ट्रकांतून फोर्ट भागात फिरले. जहाजांवरून ब्रिटिश निशाण उतरवून काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तीन झेंडे एकत्र चढवले गेले. त्याच दिवशी नौदल केंद्रीय संप समिती निवडली गेली. अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. दोघेही पंजाबचे, दोघेही संदेशवहन शाखेतले. रॉयल इंडियन नेव्ही हे नाव टाकून इंडियन नॅशनल नेव्ही म्हणायचे ठरले. मागण्यांच्या यादीत चांगले जेवण, समान पगार, किंगवर कारवाई, युद्धानंतर नोकरीची सोय या बाबी होत्या; आणि त्यांच्याच जोडीला आझाद हिंद सेनेच्या व इतर राजकीय कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी सैन्य माघारी बोलावण्याची मागणी होती. विशीतल्या मुलांना इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्याची फिकीर वाटावी, यावरून त्यांच्या वाचनाची कल्पना येते. योगायोग असा की त्याच १९ फेब्रुवारीला लंडनमध्ये कॅबिनेट मिशन भारतात पाठवण्याची घोषणा झाली. तो निर्णय आधीच झालेला होता, त्यामुळे उठावामुळे मिशन आले असे म्हणता येत नाही. उठावाने वाटाघाटींची निकड वाढवली, एवढे नक्की म्हणता येते.

२१ तारखेला गोळी सुटली. बॅलार्ड पिअरच्या जवळ, जुन्या मुंबई किल्ल्याच्या तटांत कॅसल बराकी होत्या. आदल्या दिवशी खलाशांना बराकींत परतण्याचा हुकूम झाला, ते परतले आणि फाटकांवर सशस्त्र लष्करी पहारा बसला. वेढा घालणाऱ्यांत सुरुवातीला मराठा पलटणीचे जवान होते. सकाळी काही खलाशी बाहेर पडू लागले तेव्हा गोळीबार झाला. आतल्यांनी शस्त्रागार फोडले आणि उत्तर दिले. नंतर गोऱ्या पलटणी आणल्या गेल्या आणि चकमक दुपारभर चालली. हिंदी पोरांवर हिंदी जवानांना गोळ्या झाडायला लावण्याचा हा प्रसंग सरकारलाही अवघड वाटला असणार. पुढच्या दोन दिवसांत शहरात मुख्यतः गोरे सैनिकच रस्त्यांवर दिसू लागले. बंदरातल्या जहाजांनी आपल्या तोफा गरज पडल्यास वापरता येतील अशा तयारीत ठेवल्या होत्या. ‘नर्बदा’, ‘जमुना’, ‘पंजाब’ ही त्यांतली काही जहाजे.

त्या दिवशी नौदलप्रमुख व्हाइस अॅडमिरल जॉन गॉडफ्रे यांनी रेडिओवरून इशारा दिला: सरकारजवळ प्रचंड बळ आहे आणि नौदल नष्ट झाले तरी ते वापरले जाईल. हे गॉडफ्रे युद्धाच्या पहिल्या वर्षांत ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख होते आणि इयान फ्लेमिंग त्यांचा साहाय्यक होता. जेम्स बाँडच्या कथांतला ‘एम’ त्यांच्यावरूनच बेतला गेला असे मानतात. हेरगिरीत मुरलेल्या या माणसाला आपल्याच नौदलात काय शिजत होते याचा वेळीच सुगावा लागू नये, ही गोष्ट तशी नवलाची आहे. सिलोनकडून ‘ग्लासगो’ ही क्रूझर मुंबईकडे निघाली आणि लढाऊ विमाने बंदरावरून खाली येऊन घिरट्या घालून गेली.

दुसऱ्या बाजूला, अपोलो बंदरावर वेगळेच दृश्य होते. जहाजांवरचे धान्य संपत आले आहे हे कळताच लोक भाकऱ्या, पाव, फळे, दुधाचे डबे घेऊन धक्क्यावर आले. दुकानदारांनी आणि इराण्यांच्या हॉटेलांनी जे हाताला लागेल ते दिले. खलाशांच्या लाँचा धक्क्याला लागत आणि भरून परत जात. पहारेकरी पाहत राहिले.

कराचीची बाजू याहून बिकट होती. मनोरा बेटावरच्या ‘बहादूर’, ‘हिमालय’ आणि ‘चमक’ या केंद्रांतल्या मुलांनी काम थांबवले आणि लाँचांतून केमाडीकडे यायला निघाली. बहादूरमधली मुले नौदलाच्या दप्तरीही ‘बॉय’ याच दर्जाची होती, म्हणजे पूर्ण खलाशीसुद्धा नव्हेत. त्यांच्यावर गोळीबार झाला. धक्क्याजवळ नांगरलेल्या ‘हिंदुस्थान’ या जुन्या स्लूपने तोफांनी उत्तर दिले. २२ तारखेच्या सकाळी किनाऱ्यावरून लष्करी तोफा तिच्यावर लागल्या. ओहोटीमुळे जहाज खाली बसले होते, तोफांचा नेम धरणे कठीण झाले होते आणि माणसे पडत होती. काही मिनिटांतच ‘हिंदुस्थान’ने शरणागतीचे निशाण चढवले. संपूर्ण उठावात जहाज आणि किनारा यांच्यात झालेली खरी तोफांची लढाई ही एवढीच.

त्याच २२ फेब्रुवारीला मुंबई बंद झाली. कम्युनिस्ट पक्षाने हरताळ पुकारला होता. समाजवाद्यांपैकी अरुणा असफअली खलाशांच्या बाजूने उभ्या होत्या. लालबाग, परळ, डिलाईल रोड, नागपाडा, भेंडीबाजार इथे गिरण्या, गोद्या, रेल्वेची वर्कशॉपे ओस पडली. रस्त्यांत अडथळे उभे राहिले. लष्कराच्या गाड्या गिरणगावातून गोळ्या झाडत फिरल्या. परळला स्त्रियांच्या जमावात उभ्या असलेल्या कमल दोंदे गोळी लागून मरण पावल्या. त्यांच्यासोबत असलेल्या कुसुम रणदिवे जखमी झाल्या. तीन दिवसांत शहरात २०० हून अधिक माणसे मेली आणि १,००० हून अधिक जखमी झाली, असे सरकारी आकडे सांगतात. नौसैनिकांतल्या मृतांची संख्या यापुढे अगदी लहान आहे. म्हणूनच कुलाब्याच्या स्मारकात फक्त खलाशी दिसतो, ही त्याची मोठी उणीव म्हटली पाहिजे. या उठावात सर्वाधिक रक्त सांडले ते गिरणी कामगारांचे, चाळकऱ्यांचे आणि रस्त्याने जाणाऱ्या येणाऱ्यांचे.

राजकीय नेतृत्वाने पाठिंबा दिला नाही. सत्तांतराच्या बोलण्यांना रंग चढत असताना सैन्यातली शिस्त मोडणे म्हणजे उद्या आपल्याच हाती येणारे हत्यार बोथट करणे, असे सरदार पटेलांचे मत होते. ते मुंबईत होते. कुणालाही सुडाने वागवले जाऊ नये यासाठी काँग्रेस प्रयत्न करील, असे आश्वासन देऊन त्यांनी शरण जाण्याचा सल्ला दिला. जिनांनी मुसलमान खलाशांना तसाच सल्ला दिला. गांधीजींना हिंसेसाठी झालेले हिंदू-मुसलमानांचे ऐक्य मान्य नव्हते. अरुणाबाईंचे उत्तर असे की घटनेच्या मसुद्यावर एकत्र आणण्यापेक्षा रस्त्यावरच्या अडथळ्यावर या दोघांना एकत्र आणणे सोपे आहे. संप समितीत रात्रभर वाद झाला. २३ फेब्रुवारीला पहाटे सहा वाजता जहाजांवर काळे झेंडे चढले. ‘आपण ब्रिटिशांना नव्हे, भारताला शरण जात आहोत’ अशा आशयाचे निवेदन समितीने काढले.

सूड न घेण्याचे आश्वासन टिकले नाही. पुढाऱ्यांना आणि संशयितांना पकडून मुलुंडच्या छावणीत ठेवले गेले. चौकशीसाठी पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर सय्यद फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती कृष्णस्वामी अय्यंगार आणि न्यायमूर्ती मेहरचंद महाजन, तसेच एक ब्रिटिश अॅडमिरल आणि एक मेजर जनरल त्याचे सदस्य होते. जेवण, पगार, वर्णभेद आणि किंग यांची भाषा याबद्दलच्या खलाशांच्या तक्रारींत तथ्य असल्याचे आयोगासमोर आलेल्या साक्षींतून दिसले. तरीही चारशेहून अधिक जणांना नौदलातून काढले गेले. त्यांना गावचे तिकीट देऊन रवाना करण्यात आले. स्वातंत्र्यानंतर भारताने किंवा पाकिस्तानने त्यांना पुन्हा सेवेत घेतले नाही. दोन्ही नव्या नौदलांना शिस्तीचा नवा पाया घालायचा होता, आणि ज्यांनी जुन्या मालकाविरुद्ध बंड केले त्यांना पहिल्याच दिवशी मानाने परत आणणे त्यांना धोक्याचे वाटले. हा हिशेब समजण्यासारखा आहे. त्याची किंमत मात्र त्या मुलांनी आयुष्यभर मोजली. बलाईचंद्र दत्त मुंबईतच राहिले, ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये काम केले, मग जाहिरात क्षेत्रात गेले. त्यांचे आत्मकथनपर पुस्तक १९७१ मध्ये आले. उठावाच्या आतल्या हालचालींविषयी जे आज सांगितले जाते त्यातले बरेचसे त्यांच्या या पुस्तकातून आलेले आहे.

सरकारी स्मरणाला याहून वेळ लागला. कलकत्त्यात उत्पल दत्त यांनी १९६५ मध्ये ‘कल्लोल’ हे नाटक रंगभूमीवर आणले तेव्हा त्यावर गदारोळ झाला आणि उत्पल दत्त काही महिने तुरुंगात होते. पुढे स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी या उठावाला स्वातंत्र्यलढ्याचा भाग मानण्यात आले. नौदलाने आपल्या दोन टगबोटींना मदनसिंग आणि बी. सी. दत्त यांची नावे दिली. बडतर्फ केलेल्या खलाशांची नावे त्याच नौदलाच्या बोटींवर, हा मान तसा अनोखा. त्या युद्धनौका नव्हेत, मोठ्या जहाजांना धक्क्याला लावणाऱ्या ओढबोटी आहेत, हे जाता जाता लक्षात येते. कुलाब्याचे स्मारक उभे राहिले, आणि २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या संचलनात नौदलाच्या चित्ररथावर १९४६ चा उठाव दाखवला गेला. पंचाहत्तर वर्षांनंतर का होईना, पण ज्या घटनेचा उल्लेख नौदलाच्या अधिकृत समारंभांत टाळला जाई ती रथाच्या पुढच्या भागात आली.

सिग्नल शाळा मुंबईतून कोचीनला गेली. ‘तलवार’ हे नाव १९५९-६० मध्ये नव्या फ्रिगेटला मिळाले आणि ती निवृत्त झाल्यावर २००३ मध्ये रशियात बांधलेल्या दुसऱ्या फ्रिगेटला. कराचीचे ‘बहादूर’ पाकिस्तानच्या वाट्याला गेले आणि त्याच नावाने तिथे नौसैनिक घडवत राहिले. पोरवयातल्या भरतीसाठी भारताला विशाखापट्टणला नवी सोय करावी लागली.

कॅसल बराकींचे नाव १९५१ मध्ये ‘आयएनएस आंग्रे’ झाले. रेवदंड्याच्या वाचकाला हा बदल सहज समजेल. १७२१ साली मुंबईचे इंग्रज आणि चौल-रेवदंड्याच्या कोटातले पोर्तुगीज यांनी मिळून मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली होती आणि ती साफ फसली. त्या मोहिमेचे हुकूम निघाले ते मुंबईच्या याच किल्ल्यातून. कान्होजींची समाधी अलिबागेत आहे, रेवदंड्यापासून सतरा-अठरा किलोमीटरवर. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरीलाही १९९८ पासून त्यांचे नाव आहे आणि तिथला दिवा जहाजांना वाट दाखवतो. नौदलाचे ठाणे असल्याने आयएनएस आंग्रेच्या आत सामान्य माणसाला सहजी जाता येत नाही. २१ फेब्रुवारीच्या चकमकीची जागा बाहेरून, टाऊन हॉलच्या मागच्या रस्त्यावरूनच पाहावी लागते. नाथालाल पारेख मार्गावरचे स्मारक मात्र सार्वजनिक रस्त्यावर आहे. मस्जिद बंदरच्या सेलर्स होममधली स्मरणवही पाहायची असेल तर तिथल्या कार्यालयात आधी विचारणा करून जावे.